उशिरा येणारे जहाज

'डिस्ने ॲडव्हेंचर' हे महाकाय प्रवासी जहाज सिंगापूर बंदरातून १५ डिसेंबर २०२५ रोजी पहिल्या सफरीस निघेल, असे जाहीर झाले होते. नाताळच्या सुट्टीचा मुहूर्त साधून ज्यांनी आगाऊ नोंदणी केली, त्यांत भारतीय कुटुंबेही होती. पुढे बांधणीस अधिक अवधी लागत असल्याचे सांगून कंपनीने ही तारीख १० मार्च २०२६ वर नेली. प्रवाशांना पैसे परत घेण्याची किंवा दुसरी सफर निवडण्याची मुभा मिळाली. व्यवहार म्हणून यात कोणाची फसवणूक झाली नाही. तथापि डिसेंबर आणि मार्च यांत केवळ तीन महिन्यांचे अंतर नसते. डिसेंबरमध्ये शाळेला सुट्टी असते, मार्चमध्ये परीक्षा. आजी-आजोबांच्या विवाहाच्या पन्नाशीसाठी तीन पिढ्यांनी एकत्र जुळवून आणलेले चार दिवस कोणत्याही परताव्यात परत येत नाहीत.

अशा वेळी सहजच प्रश्न उद्भवतो की, इतके धन आणि इतके कौशल्य हाताशी असताना जहाज वेळेवर का येत नाही? उत्तर शोधू लागले की ध्यानी येते, विलंबाचे मूळ बहुधा शेवटच्या महिन्यात नसते. ते काही वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दात असते.

वरील जहाजाचेच उदाहरण घ्यावे. त्याचे पहिले नाव 'ग्लोबल ड्रीम'. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील एका कारखानासमूहाने २०१८ मध्ये त्याचे काम हाती घेतले. महामारीने पर्यटन थंडावले, मालक कंपनीची तिजोरी रिती झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये कारखान्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्धवट जहाज विस्मार येथील गोदीत उभे राहिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेने ते विकत घेतले आणि उरलेले काम मायर या जर्मन कारखान्याकडे सोपविले. एकाने आखलेले, दुसऱ्याने अर्धे बांधलेले घर तिसऱ्याने स्वतःच्या गरजेनुसार पूर्ण करावयाचे, तर नवे घर बांधण्याहून ते काम अवघड ठरते. घर बांधलेल्या प्रत्येकास याचा अनुभव असतो.

क्रूझ जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक लहान शहरच. प्रथम पोलादी पत्रे कापले जातात, त्यांचे मोठमोठे भाग जोडले जातात, मग सांगाडा गोदीत तरंगू लागतो. बाहेरून पाहणाऱ्यास काम संपत आले असे वाटते. वस्तुतः अवघड पर्व तेथूनच सुरू होते. हजारो खोल्या, स्वयंपाकघरे, नाट्यगृहे, पाण्याचे शुद्धीकरण, अग्निशमन, वीज, वातानुकूलन, या साऱ्यांच्या तारा आणि नळ त्याच अरुंद भिंतींमधून जातात. शेकडो पुरवठादार एकमेकांच्या कामावर अवलंबून असतात. एका दालनाचा आराखडा बदलला की त्याच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांवरील कामही थांबते. अखेरीस समुद्रचाचण्या होतात, सुरक्षेची तपासणी होते आणि मगच जहाज मालकाच्या हाती येते. या शेवटच्या पायऱ्या घाईने उरकता येत नाहीत, उरकूही नयेत.

अनुभवी हातांनाही हे काम कसे जड जाते, याची साक्ष जपानमधील नागासाकी देते. मित्सुबिशी उद्योगसमूहाच्या तेथील कारखान्यास एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे. तेथे बांधल्या जात असलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजास ऑक्टोबर २००२ मध्ये भीषण आग लागली. तेव्हा शेजारी तयार होत असलेल्या त्याच्या जुळ्या जहाजास 'डायमंड प्रिन्सेस' हे नाव देण्यात आले आणि जळालेले जहाज दुरुस्त होऊन 'सफायर प्रिन्सेस' बनले. तरीही २००३ मध्ये अपेक्षित असलेले जहाज २००४ मध्ये हाती आले. २०२० मध्ये महामारीच्या प्रारंभी योकोहामा बंदरात अडकून पडल्याने जगभर ज्याचे नाव झाले, ते हेच जहाज.

याच कारखान्याने २०११ मध्ये जर्मनीच्या आयडा कंपनीची दोन जहाजे बांधण्याचे स्वीकारले. पहिले जहाज मार्च २०१५ मध्ये द्यावयाचे होते. रचना सर्वस्वी नवी होती. अंतर्भागाचे आराखडे पुनःपुन्हा बदलावे लागले. जानेवारी २०१६ मध्ये जहाजावर तीन वेळा आगी लागल्या. अखेर मार्च २०१६ मध्ये, एक वर्ष उशिराने, 'आयडाप्रिमा' सुपूर्द झाले. दुसरे जहाज २०१७ मध्ये गेले. या दोन जहाजांपायी कारखान्यास वीस हजार कोटी येनांहून अधिक तोटा झाला. त्याच २०१६ सालच्या ऑक्टोबरमध्ये मित्सुबिशीने अशी मोठी प्रवासी जहाजे यापुढे बांधणार नसल्याचे जाहीर केले. कौशल्य होते, भांडवल होते, निष्ठाही होती. चुकला तो आरंभीचा अंदाज.

अंदाज चुकला नाही तरी काळ बदलू शकतो, हे जर्मनीतील पापेनबुर्गने अनुभवले. १७९५ मध्ये स्थापन झालेला मायर घराण्याचा कारखाना तेथे एम्स नदीकाठी, समुद्रापासून बराच आत आहे. तयार जहाज अरुंद नदीपात्रातून, मागचा भाग पुढे करून, बोटींच्या साहाय्याने हळूहळू समुद्राकडे न्यावे लागते. त्यासाठी बंधाऱ्याने नदीचे पाणी तुंबवितात. काठावरील पक्ष्यांच्या विणीच्या काळात ते किती तुंबवावे यावर बंधने आहेत. एखादा आठवडा हुकला तर पुढच्या अनुकूल काळाची वाट पाहावी लागते. मनुष्याच्या घाईपेक्षा घरट्यातील पिलांचा विचार आधी करणारा हा नियम विलंब वाढवीत असेल, पण त्याबद्दल कोणी खंत बाळगण्याचे कारण नाही.

कारखान्यावरील खरे संकट मात्र नदीतून आले नाही. त्याने महामारीपूर्वी केलेल्या करारांत किंमत ठरलेली होती. नंतर पोलाद आणि इंधन महागले. वाढीव खर्च ग्राहकाकडून घेण्याची तरतूद करारात नव्हती. त्यातच या धंद्याची रीत अशी की, जहाज बांधताना सुमारे वीस टक्के रक्कम मिळते आणि उरलेले ऐंशी टक्के जहाज हाती दिल्यावर. म्हणजे दोन-तीन वर्षे कामगारांचे वेतन आणि पोलादाचे मोल कारखान्याने कर्जातून भागवावयाचे. मागण्यांची वही भरलेली आणि तिजोरी रिकामी, अशी विचित्र अवस्था आली. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मन केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी राज्य यांनी मिळून सुमारे चाळीस कोटी युरो देऊन ऐंशी टक्क्यांच्या आसपास मालकी घेतली. तीन हजारांहून अधिक कामगारांची चूल त्यामुळे पेटती राहिली. परंतु दोन शतकांहून अधिक काळ एका घराण्याकडे असलेला कारभार बव्हंशी त्यांच्या हातून गेला.

व्यापारी कुळांत वाढलेल्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उधारीवर माल देणाऱ्याने भावाची खात्री आणि वसुलीची तारीख दोन्ही गृहीत धरली, तर नफ्याची नोंद वहीतच राहते. जगात मोठी क्रूझ जहाजे बांधणारे कारखाने मोजकेच, मुख्यतः इटलीत, फ्रान्समध्ये, जर्मनीत आणि फिनलंडमध्ये. त्यांच्याकडे पुढील अनेक वर्षांच्या मागण्या नोंदविलेल्या आहेत. एका जहाजास उशीर झाला की त्याच गोदीतील पुढच्या जहाजाचीही तारीख डळमळते. नवी जहाजे येईपर्यंत जुन्यांवर भार राहतो. मुंबईहून २०२१ पासून सफरी करणारे कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाजदेखील १९९० मध्ये फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधलेले आहे.

जहाजबांधणीतील विलंबाचे दुःख मराठी जैन समाजास अगदी परके नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारण्याचे ठरविले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि युद्धाने काम खोळंबले. कोनशिलेनंतर जवळजवळ सात वर्षांनी, १४ मार्च १९४८ रोजी, पंडित नेहरूंनी 'जलउषा' हे मालवाहू जहाज पाण्यात सोडले. खासगी भांडवलास तो भार पुढे पेलवला नाही. १९५२ मध्ये कारखान्याची दोन-तृतीयांश मालकी सरकारकडे गेली. पापेनबुर्गमध्ये २०२४ साली जे घडले, त्याची छाया विशाखापट्टणमने बहात्तर वर्षांपूर्वीच पाहिली होती. तरीही 'जलउषा' उशिरा आली म्हणून आज कोणी तिला उणे लेखत नाही.

याचा अर्थ प्रवाशाने मुकाट्याने सारे सोसावे असा नव्हे. नव्या जहाजाच्या पहिल्या सफरीस घरातील एकदाच येणारा प्रसंग बांधू नये; वर्षभर चाललेल्या जहाजाची निवड त्यासाठी अधिक सुरक्षित असते. नोंदणीपूर्वी तारीख बदलल्यास काय मिळेल, हे अटींत वाचावे. जहाजकंपनी आपल्या तिकिटाचे पैसे देईल, पण वेगळे काढलेले विमानाचे तिकीट, हॉटेल आणि व्हिसा यांचा खर्च बहुधा कुटुंबाच्याच माथी येतो. म्हणून विमानाचे तिकीट तारीख बदलता येईल असे घ्यावे. जैन आहाराची मागणी नोंदविलेली असेल, तर सफर बदलल्यावर ती नव्या नोंदणीत उतरली आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

आणि तारीख पुढे गेल्याची वार्ता आलीच, तर रागाच्या पहिल्या भरात एक गोष्ट आठवावी. मधल्या महिन्यांत कोणीतरी आग विझविणारी यंत्रणा पुन्हा तपासत असते, कोणी तारांची जोडणी नव्याने करीत असते. अपुऱ्या तयारीने निघालेल्या जहाजात तीन पिढ्यांना बसविण्यापेक्षा बंदरात थांबलेले जहाज बरे. शब्द देताना घाई झाली, हा दोष खरा. पण तो दोष ओळखून थांबणारा माणूस प्रवाशाचा वैरी नसतो.