पडलेल्याला वीरगळ, परतलेल्याला काय?

बेंगळुरू हे नाव जुन्या लेखांत पहिल्यांदा भेटते ते एका मरणाच्या नोंदीत. शहराच्या दक्षिणेला बेगूर येथे, नागेश्वराच्या देवळात, इसवी सन 890च्या सुमाराचा वीरगळ आहे. नागत्तराच्या घरचा बुट्टण बेंगळुरूच्या लढाईत पडला, असे तो जुन्या कन्नडात सांगतो. वीरगळ मराठी वाचकाला नवा नाही. आपल्याकडेही कित्येक गावांत देवळाच्या आवारात असे दगड उभे आहेत: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. लढून घरी परतलेल्या माणसाला या मांडणीत जागाच नाही. अकराशे वर्षांत दगड बदलले, लिपी बदलली, राज्ये बदलली, पण ही मांडणी तशीच राहिली. आपण सैनिकाला ओळखतो तो पडल्यावर. जिवंत परतलेल्याने काय पाहिले, काय सोसले आणि काय केले, हे त्याला विचारून लिहून ठेवणे हे कोणाचेच काम नाही. ते सरकारने आणि समाजाने आपले काम मानले पाहिजे.

बेंगळुरूची स्मारके पाहिली की हे नीट कळते. 21 मार्च 1791च्या रात्री इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेने टिपूचा इथला किल्ला घेतला. त्या वेढ्यात पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी उभारलेला स्तंभ हडसन सर्कलजवळ होता, तो 1964 साली पाडला गेला. तट जिथे फोडला तिथे मात्र इंग्रजांनी लावलेली पाटी आजही आहे. ब्रिगेड रोड आणि रेसिडेन्सी रोड मिळतात तिथे मद्रास पायोनियर पलटणींचे स्मारक आहे. गर्दीत ते कोणाच्या नजरेस पडत नाही. अलीकडे उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सैनिक स्मारकात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या वीस हजारांहून अधिक जवानांची नावे कोरली आहेत आणि तिथला उंच शिलास्तंभ वीरगळाच्याच कल्पनेतून घडवला आहे. हे सारे योग्यच आहे. पण नावांच्या यादीतून युद्ध कसे असते हे कळत नाही.

ते कळायला 1791च्याच मोहिमेचे पुढचे दोन महिने पुरेसे आहेत. बेंगळुरू जिंकून कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत गेला आणि लढाई जिंकूनही तिथून मागे फिरला. कारण तोफा नव्हेत, बैल. चाऱ्यावाचून आणि रोगाने बैल पटापट मेले, शिपायांचे धान्य संपले, आणि मे महिन्याच्या अखेरीस वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून परतीची वाट धरावी लागली. त्या उपाशी फौजेला मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या, इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्या लष्करी बाजारात सगळे होते, अर्थात भाव चढे होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी या बाजाराची वर्णने लिहून ठेवली. आपल्या बाजूने वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दफ्तरातली पत्रे छापली म्हणून मोहिमेचा मराठी वृत्तांत आपल्या हाती आहे, आणि त्या कामाला तोड नाही. पण ती पत्रे सरदारांची आणि कारकुनांची आहेत. धारवाडच्या वेढ्यात, खंदकात पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बसलेला बारगीर त्यांत फक्त आकड्यात येतो. याच मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने जगद्गुरूंना पाठवलेली पत्रे मठाने जपली, त्यामुळे मठाची बाजू जगाला कळली. लूट नेमकी कोणी केली आणि कोणाच्या सांगण्यावरून, यावर मात्र अजून वाद चालतो. शिपायाचे बोलणे नोंदवले नाही की त्याचे हालही जातात आणि त्याचे अपराधही जातात.

माणसे निरक्षर होती, मग नोंद कोण करणार, असे कोणी म्हणेल. पण नोंद राहिली तिथे ती बहुतेकदा कोणीतरी विचारले म्हणून, किंवा कोणाला संशय आला म्हणून राहिली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे आज वाचता येतात ती इंग्रजांच्या सेन्सॉरने उघडून त्यांचे उतारे काढले म्हणून. मेसोपोटेमियात कूट येथे 147 दिवस वेढ्यात अडकलेल्या फौजेत 103वी आणि 110वी या मराठा पलटणी होत्या. घोड्याचे मांस खावे की उपाशी राहावे हा तिथला रोजचा प्रश्न होता, आणि 29 एप्रिल 1916च्या शरणागतीनंतर वाळवंटातली पायपीट नशिबी आली. त्या कैदेची हकीकत शिशिर सर्बाधिकारी या रुग्णसेवा पथकातल्या तरुणाने बंगालीत लिहिली; ते पुस्तक 1950च्या दशकाच्या अखेरीस आले. आपल्याकडे 1857ची सर्वांत जिवंत हकीकत वरसईच्या गोडसे भटजींची. चिंतामणराव वैद्यांनी त्यांना लिहायला लावले आणि 1907 साली ती छापली. वैद्यांनी आग्रह धरला नसता तर झाशीतले ते दिवस भटजींबरोबरच गेले असते.

गंभीर आक्षेप असा की आठवण हा पुरावाच नव्हे. माणूस विसरतो, वाढवून सांगतो, नंतर वाचलेले स्वतःचे समजतो. सीताराम पांडे या सुभेदाराच्या नावावरच्या प्रसिद्ध आठवणी खऱ्या की रचलेल्या, हा वाद अजून मिटलेला नाही. आक्षेप खरा आहे, पण तो दफ्तरालाही लागू पडतो. पराभवाचा अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला सांभाळायला स्वतःची नोकरी असते. शिवाय तारीख, तुकडी, टेकडीचे नाव यांसाठी आठवणीकडे जायचेच नाही. पायातले बूट कसे होते, पाणी केव्हा संपले, जखमी सोबत्याला सोडून पुढे जाताना काय झाले, हे कागदावर क्वचितच असते. एकाच कंपनीतल्या दहा जणांना वेगवेगळे विचारले तर भर कुठे घातली हेही बऱ्यापैकी उघडे पडते.

लष्करी गुपिते फुटतील, हे कारण तर आता फारसे टिकत नाही. संरक्षण मंत्रालयाने जून 2021मध्ये युद्धांचे इतिहास लिहिण्याचे आणि साधारणतः 25 वर्षांनी कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. 1971चे युद्ध त्या मुदतीच्या कधीच बाहेर गेले आहे. पण ते धोरण कागदांचे आहे. माणसांसाठी तसे काही नाही, आणि माणसे कागदांइतकी टिकत नाहीत. 1971मध्ये विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. श्रीलंकेत 1987 ते 1990 या काळात भारतीय शांतिसेनेतून लढलेलेही साठीच्या आसपास आले आहेत. त्या मोहिमेत महार रेजिमेंटच्या 8व्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले आणि त्यांचे नाव राहिले. त्यांच्याबरोबर लढून परतलेल्या जवानांना कोणी काय विचारले? ती मोहीमच देशाला नकोशी झाली, आणि तिच्याबरोबर तिथून आलेली माणसेही.

सैनिकाला बोलायचेच नसते, जखम उकरू नये, असेही म्हटले जाते. ज्याला नको त्याला विचारू नयेच. संमती, नाव झाकण्याची सोय आणि गरज पडल्यास मानसोपचाराचा आधार यांशिवाय हे काम हाती घेणे अन्यायाचे ठरेल. पण सगळे गप्प बसतात ते दुःखामुळे, हे आपण परस्पर ठरवून टाकले आहे. पुष्कळांना आजवर फक्त शौर्याबद्दल विचारले गेले, म्हणून ते दोन वाक्यांत आटोपते घेतात.

हे काम बेंगळुरूत सुरू व्हावे याला कारण आहे. मद्रास सॅपर्स आणि पॅराशूट रेजिमेंट यांची केंद्रे इथे आहेत, मानसिक आरोग्यावर काम करणारी निम्हान्स ही संस्था इथे आहे, आणि इथल्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा अभिलेखागार शास्त्रज्ञांच्या मौखिक आठवणी पद्धतशीर जमवतो. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने हे काम 1972मध्ये हाती घेतले. अमेरिकेने 2000 साली कायदा करून ते आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे सोपवले. आपल्याला फार मोठा खर्चही लागणार नाही. माजी सैनिकांच्या याद्या महाराष्ट्रातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत आणि कर्नाटकातल्या संबंधित विभागात तयार आहेत. बेळगावचे मराठा रेजिमेंटल सेंटर आणि कोल्हापूर, सातारा, धारवाड इथल्या विद्यापीठांचे इतिहास विभाग मिळून मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत हे करू शकतात. महाराष्ट्रात सुरुवात अपशिंग्यासारख्या गावापासून करावी. पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जणांची आठवण जपणाऱ्या त्या सातारी गावात परतलेलेही घरोघर आहेत. तोवर सरकारची वाट पाहू नका. घरात, शेजारी, सोसायटीच्या फाटकावर जो माजी सैनिक आहे, तो तयार असेल तर मोबाइलवर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. पहिला प्रश्न पदकाचा विचारू नका. आघाडीवर जेवण कसे मिळायचे, तिथून सुरुवात करा.