शोध : घेतलेला आणि लागलेला

मराठीत शोध घेतलाही जातो आणि लागतोही. भूगर्भातील नैसर्गिक हायड्रोजनच्या बातम्या वाचताना आम्हांस हा दुहेरी अर्थ खुपतो. मालीतील बुराकेबुगू गावी १९८७ साली पाण्यासाठी खोदलेल्या विंधणविहिरीतून वायू आला, सिगारेटने पेटला आणि विहीर बंद करण्यात आली. २०१२ मध्ये त्याच वायूवर गावात वीज आली. त्यात ९८ टक्के हायड्रोजन होता. हा शोध न घेताच लागलेला! फ्रान्समधील लोरेन प्रांतात मिथेन धुंडाळताना २०२३ साली हायड्रोजन आढळला. तेथील साठ्याचे कोट्यवधी टनांचे आकडे मात्र अनुमानाचे आहेत. लोहयुक्त खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून हा वायू निपजतो हे खरे, पण तो काढण्याजोगा साचला आहे काय? ‘स्वच्छ ऊर्जेचा शोध’ या मथळ्यात क्रियापदच गाळलेले असते. विद्यार्थ्यांकडून ते भरून घेणे आमचेच काम आहे.