गुलामगिरी कायद्याने गेली, मग जात कुठे गेली?

सहारातले तुआरेग म्हटले की निळा फेटा, उंट आणि स्वातंत्र्याचा बाणा एवढेच आपल्याला दाखवले जाते. त्यांच्यासाठी पाणी ओढणारी, शेळ्या राखणारी, धान्य कांडणारी माणसे या चित्रात नसतात. तमाशेक भाषेत ते 'इक्लान', मालीत 'बेला', नायजरमध्ये 'बुझू'. वर इमाजेघेन सरदार, मग मांडलिक इम्घाद, धर्मकार्य करणारे इनेस्लेमेन, लोहारकाम करणारे इनादान आणि तळाशी इक्लान. स्थान जन्माने ठरते. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता याहून वेगळी काय असते?

यावर ठरलेले उत्तर येते: "ही आमची परंपरा आहे. मालक त्यांना घरचेच मानतात." घरचे माणूस विकता येते का?

बुझू समाजातल्या हदिजातू मानीला 1996 मध्ये, वयाच्या 12 व्या वर्षी, 2 लाख 40 हजार सीएफए फ्रँकला एका हौसा माणसाला विकले गेले. लग्न न लावताच ती 'पाचवी बायको' झाली. सुटका झाल्यावर तिने आपल्या पसंतीने लग्न केले, तर नायजरच्या न्यायालयाने दोन नवरे केल्याचा ठपका ठेवून तिलाच 6 महिन्यांची शिक्षा सुनावली! म्हणजे मालकी हक्कालाच विवाह ठरवले. अखेर 27 ऑक्टोबर 2008 रोजी पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास न्यायालयाने नायजर सरकारला दोषी धरले आणि तिला 1 कोटी सीएफए फ्रँक भरपाई द्यायला लावली.

लक्षात घ्या, गुलाम ठेवणाऱ्याला 30 वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारा कायदा नायजरमध्ये 2003 पासूनच होता. तरी 2005 मध्ये हजारो गुलामांच्या मुक्तीचा जाहीर कार्यक्रम ठरला, तेव्हा सरकार म्हणाले, आमच्याकडे गुलामगिरीच नाही. गुलामीविरुद्ध 1991 पासून लढणाऱ्या 'टिमिद्रिया' संघटनेच्या प्रमुखालाच अटक झाली. मालक मोकळे, गुलामी दाखवणारा आत!

मित्रांनो, "कायदा झाला, आता जात कुठे आहे?" हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. मालक गेला तरी पूर्वजांचा डाग राहतो. लग्न जुळवताना, जमीन मागताना, गावात मान मिळवताना तोच पुढे येतो. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच मांडले होते. त्यांनी 1946 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून नाते जोडले. ते नाते सहारापर्यंत नेणे आपले काम आहे. इक्लानांना दया नको, सोबत हवी.

जय भीम!