एकटेच?

एकट्याने प्रवासाला निघालेल्या माणसाबद्दल आपल्या समाजाच्या तीनच कल्पना आहेत : याचे घरी भांडण झाले आहे, हा कुठले तरी पैसे खाऊन पळाला आहे, किंवा याला जीव द्यायचा आहे. चौथे कारण, म्हणजे त्याला नुसते जायचे आहे, हे आपल्याला पटतच नाही.

गेल्या श्रावणात मी एकटा मुळशीला गेलो. घरी भांडण नव्हते. (निदान त्या दिवशी नव्हते.) स्वारगेटला एसटीत बसलो, तर चांदणी चौक येईपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी तीनदा विचारले, "एकटेच?" तिसऱ्यांदा तर त्यांनी मला सहानुभूतीने शेंगदाणे दिले.

मुळशीला मी यापूर्वी चार वेळा गेलो आहे. चारही वेळा बरोबर माणसे होती आणि चारही वेळा मी भजी खाल्ली. धरण पाहायला सवड झाली नाही. "चला, थंड होतायत" हीच हाक. या खेपेला तासभर काठावर नुसता बसलो. तेव्हा कुठे डोक्यात शिरले, की हे पाणी मावळ्यांच्या भातखाचरांवर उभे आहे. टाटांच्या विजेसाठी मुळा अडवली गेली आणि १९२१ सालच्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव शाळेत पाठ केले होते. पाचव्या खेपेला ते पाण्याशी जुळले. भज्यांवर माझा राग नाही, पण चार सहली त्यांनीच खाल्ल्या.

एकटेपणाचे तोटे मी मान्य करतो. स्टँडवर मुतारीला जाताना बॅग कोणाच्या भरवशावर ठेवायची, याला उत्तर नाही. चुकीच्या गाडीत बसलो तर बोल लावायला शेजारी कोणी नाही. पण खरा तोटा संध्याकाळी कळला.

"सिंगलला रूम देत नाही," लॉजवाला म्हणाला.

"का हो?"

त्याने उत्तर न देता खिडकीतून धरणाकडे पाहिले.

मी बँकेचे ओळखपत्र दाखवले. तो जास्तच घाबरला. अखेर त्याने माझ्या बायकोला फोन लावून खात्री करून घेतली. वीस वर्षे लोकांकडे कर्जाला जामीन मागणारा मी बी. कॉम. माणूस, त्या रात्री बायकोच्या जामिनावर झोपलो. भाडे मात्र दोघांचे! पाचशे भागिले एक, हा हिशेब आम्हाला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता.

घरी आल्यावर हे सगळे मी तावातावाने ऐकवले. मोठ्या माणसाला एकटे फिरायचा हक्क नाही का, वगैरे. ही शांतपणे कांदा चिरत होती.

"पटलं मला," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मी जाते. आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला गेल्या, मला तर मुळशीलाच जायचंय. शिवाय मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुमच्यापेक्षा स्वस्तात येईन."

आणि इतका वेळ भाषण ठोकणाऱ्या माझ्या तोंडून शब्द निघून गेला,

"एकटीच?"