वजन उतरलं, कातडी उरली

सध्या कुठलंही वर्तमानपत्र उघडा, वजन उतरवण्याची एखादी तरी बातमी नाहीतर जाहिरात दिसतेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मधून पंतप्रधानांनी स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असं सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शनं भारतात आली. वेगोवीतलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याच्या पेटंटची आपल्याकडची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे स्वस्त इंजेक्शनं आणायची तयारी देशी कंपन्यांनी आधीपासूनच करून ठेवलेली. जठर लहान करण्याची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियाही आता नवलाची राहिलेली नाही. नितीन गडकरींनी ती २०११ मध्ये करून घेतली, तेव्हा पेपरांत बातम्या आल्या होत्या.

हे सगळं चांगलंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. २०१५-१६ मध्ये हाच आकडा २०.६ टक्के होता. म्हणजे साधारण चौघींत एक. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे सगळं त्यामागून येतंच. तेव्हा जी बाई वजन उतरवते तिचं कौतुकच करायला हवं.

पण या गाजावाजात पुढचं एक प्रकरण कुणी वाचून दाखवत नाही. चाळीस-पन्नास किलो उतरल्यावर चरबी जाते, पण ती जिच्यात भरली होती ती कातडी जागच्या जागी राहते. पोटावर, दंडांवर आणि सगळ्यात अवघड म्हणजे मांड्यांवर. आणि ती काढून घ्यायची म्हटलं की विमा कंपनी, सरकारी नियम आणि घरचे सगळे एकाच सुरात म्हणतात, "ते काय, सौंदर्याचं काम!" मैत्रिणींनो, मला आज यावरच बोलायचंय.

घासणाऱ्या मांड्या

कातडीत कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. त्यांच्यामुळे ती ताणली तरी परत जागेवर येते. पण दहा-पंधरा वर्षं ताणून राहिली की जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखी तिची गत होते. वय, बाळंतपणं आणि तंबाखू यांनी त्यात भरच पडते. व्यायामानं आतले स्नायू बळकट होतात, पण वरची सैल पडलेली कातडी आक्रसत नाही. कुठल्याही क्रीमनं किंवा मसाजनं तर नाहीच नाही. जाहिरातींवर पैसे घालवू नका, एवढं मी ठामपणे सांगते.

मांडीच्या आतल्या बाजूची कातडी मुळात पातळ. ती लोंबायला लागली की चालताना एकमेकींवर घासते, घाम साचतो, सोलवटतं, पुरळ येतं, मग नायटा. माझी एक मैत्रीण तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. शस्त्रक्रिया करून तिनं चाळीस किलोंहून जास्त वजन उतरवलं. सगळा गाव तिला शाबासकी देत होता. ती मला म्हणाली, "अगं, साडीत कुणाला काय दिसतंय! पण एप्रिल-मे मध्ये शाळेतून घरी चालत येताना डोळ्यांत पाणी येतं. हे सांगू कुणाला? नवऱ्यालासुद्धा लाज वाटते." दुखणं उघड दिसत नाही आणि सांगायची सोय नाही, म्हणून ते नाहीच असं सगळ्यांनी धरून चालायचं!

इथे एक धोका सांगून ठेवते. अशा वेळी बायका औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब मागून आणतात. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा जास्तच पसरतो, कातडी आणखी पातळ होते. त्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. त्या चिठ्ठ्या पुढे का लागतात ते सांगतेच.

शस्त्रक्रिया कशी असते?

या शस्त्रक्रियेला थाय लिफ्ट म्हणतात. जास्तीची कातडी आणि तिच्याखालची उरलेली चरबी कापून काढायची आणि उरलेली कातडी ओढून शिवायची, इतकं साधं तिचं तत्त्व. सैलपणा थोडा असेल तर जांघेच्या घडीतच छेद घेऊन भागतं, व्रण झाकलेला राहतो. पण खूप वजन उतरलेल्या बाईला बहुतेक वेळा तेवढं पुरत नाही. मग मांडीच्या आतल्या बाजूनं जांघेपासून गुडघ्यापर्यंत उभा छेद घ्यावा लागतो. म्हणजे तेवढा लांब व्रण कायमचा. हे आधी मनाशी पक्कं करा. लोंबणं जातं, त्याच्या जागी रेघ येते, हा सौदा आहे.

पूर्वी या शस्त्रक्रियेत टाके नुसत्या कातडीवर असायचे. ती हळूहळू खाली उतरायची, व्रण रुंद व्हायचा आणि नाजूक जागेवर ताण यायचा. अमेरिकी सर्जन टेड लॉकवुड यांनी १९८८ मध्ये कातडी जांघेतल्या आतल्या मजबूत पडद्याला टाके घालून अडकवण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून हा त्रास कमी झाला, पण पूर्ण संपला असं नाही. आपले सर्जन कोणती पद्धत वापरणार, हे विचारायला संकोच करू नका.

घाईनं करायची ही गोष्ट नव्हे. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबतात आणि त्यातले निदान शेवटचे सहा महिने वजन एका जागी टिकलेलं असावं लागतं. इंजेक्शन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण इंजेक्शन बंद केल्यावर बरंचसं वजन परत येऊ शकतं आणि मग शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही. भूल देण्याआधी ही इंजेक्शनं चालू असल्याचं डॉक्टरांना न विसरता सांगायचं. मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्या.

दुसरी तयारी रक्ताची. जठर लहान झालेल्या बाईच्या शरीरात प्रथिनं, लोह, बी-१२ कमी पडण्याची शक्यता असते. आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी. अशा शरीरावर एवढी मोठी जखम भरून यायची कशी? म्हणून या तपासण्या आधी करून कमतरता भरून काढतात. साखर ताब्यात आणतात. आणि हो, मशेरी! दातांना लावायची म्हणून तिला आपण तंबाखूत धरतच नाही. पण तिच्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मशेरी, तंबाखू, सिगारेट सगळं बंद. डॉक्टर विचारतील न विचारतील, आपण होऊन सांगा.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात. एक-दोन दिवस दवाखान्यात राहावं लागतं. कधीकधी जखमेतलं पाणी वाहून जायला नळी ठेवतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चार पावलं चालवतात. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे करायचंच. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळपर्यंत वाट न बघता दवाखाना गाठायचा.

खरी परीक्षा घरी असते. खाली मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. म्हणजे देशी पद्धतीचा संडास बंद! घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा. जांघेतली जखम ओलसर जागेची, प्रत्येक वेळी धुऊन कोरडी टिपावी लागते. पाळी येईल त्या दिवसांत तर जास्तच. दाब देणारी घट्ट तुमान साधारण चार ते सहा आठवडे घालायची. घरातली हलकी कामं दोन-तीन आठवड्यांनी, पण पाण्याची घागर, गॅसची टाकी, नातवंडाला कडेवर घेणं हे सहा आठवडे तरी नको. स्कूटीसुद्धा डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढे दिवस घर कोण सांभाळणार? बरोबर! हाच प्रश्न आधी घरच्यांसमोर मांडा. बाळंतिणीला आपण सव्वा महिना देतो ना, तेवढाच वेळ इथेही लागतो.

आणि गुंतागुंत होते का? होते. जांघेजवळ, जिथे आडवा आणि उभा छेद मिळतात, तिथली जखम थोडी उघडणं हे बरंच आढळतं. बहुतेक वेळा ती ड्रेसिंगनं भरते, पण आठवडे लागतात. पू होणं, आत पाणी साचणं, काही भाग बधिर राहणं, पायाला बराच काळ सूज राहणं हेही होऊ शकतं. व्रणाचा लालपणा जायला वर्ष-दीड वर्ष लागतं. एवढं सगळं होऊनही मांड्या विशीतल्यासारख्या होत नाहीत. मात्र चालताना घासणं थांबतं, कपडे बसतात, व्यायाम करता येतो.

पैसे कोण देणार?

घोडं पेंड खातं ते इथेच. विमा नियामक प्राधिकरणानं सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातल्या एका कलमानुसार बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेचा खर्च अटींवर मिळू शकतो. वय अठरा किंवा त्याहून जास्त हवं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार हवा. डॉक्टरांचा सल्ला तर लागतोच. म्हणजे वजन हा आजार, हे नियमानं मान्य केलं.

पण दुसरं कलम बघा. रूप बदलण्यासाठीची कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली. अपवाद अपघात, भाजणं आणि कर्करोग यांचा. आणि आणखी एक अपवाद आहे, तो नीट वाचा. रुग्णाच्या तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती गरजेची आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर. वारंवार सोलवटणारी, पिकणारी मांडी यात बसते की नाही? कंपनी सहसा नाही म्हणते. जीएसटीचंही तेच. आरोग्यसेवेला असलेल्या करमाफीतून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेला भाग पूर्ववत करायचा असेल तेवढीच माफीत बसते. वजन उतरल्यावरच्या कातडीचं त्यात नाव नाही.

मला हा हिशेब पटत नाही. पहिली शस्त्रक्रिया आजारासाठी, मग तिच्यामुळेच उद्भवलेला त्रास एकाएकी हौस कसा होतो? प्रत्येक बाईच्या प्रत्येक व्रणाचे पैसे विम्यानं द्यावेत, असं मी म्हणत नाही. पण कित्येक महिने औषधं घेऊनही जखमा भरत नाहीत, असं त्वचारोगतज्ज्ञ लिहून देत असतील, तर तो आजारच. नियामकानं तसं स्पष्ट लिहावं, कंपनीच्या मर्जीवर सोडू नये.

तोपर्यंत आपल्या हातात काय? त्या चिठ्ठ्या! त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, तारीख घातलेले फोटो, सर्जनचं प्रमाणपत्र हे सगळं जोडून शस्त्रक्रियेच्या आधी कंपनीकडे लेखी मंजुरी मागा. नकार आला तर तोही लेखी घ्या. कंपनीकडे तक्रार करा. तिथे नाही ऐकलं किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही आणि वकीलही लागत नाही. निकाल आपल्या बाजूनं लागेलच अशी हमी नाही, पण कागद नसतील तर मात्र काहीच हाती लागणार नाही.

स्वस्तातलं नको

खर्च लाखांत जातो, म्हणून स्वस्त जाहिरातींचा मोह होतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कन्नड मालिकांतल्या अवघ्या एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा मृत्यू झाला, ती बातमी आठवत असेल. म्हणून विचारायचंच: सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का? भूल द्यायला भूलतज्ज्ञ कोण? दवाखान्यात अतिदक्षता विभाग आहे का? अशा किती शस्त्रक्रिया केल्या? जखम उघडली तर पुढच्या ड्रेसिंगचे पैसे वेगळे का? आणि मी गावाहून येणार, तर मधल्या काळात कुणाला दाखवायचं? या प्रश्नांवर जो डॉक्टर चिडेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आणि जिला ही शस्त्रक्रिया करायची नाही, तिनं मनाला लावून घेऊ नये. सुती, गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी परकराखाली घालणं, जागा कोरडी ठेवणं आणि त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार यांवर कित्येक जणींचं भागतं. पण भागत नसेल तर ते बोलून दाखवा, आधी डॉक्टरांशी, मग घरच्यांशी. वजन उतरवताना जिनं एवढा निग्रह दाखवला, तिनं उरलेल्या दुखण्याची लाज बाळगण्याचं काहीच कारण नाही.