विसावा कोणाचा?

मार्था आणि मरीया यांच्यावरचे प्रवचन मी आजवर किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग अवघ्या पाच वचनांचा. येशू घरी आला आहे. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत आहे, आणि अखेर न राहवून ती बहिणीची तक्रार करते. येशू मात्र मरीयेची बाजू घेतो. प्रवचनाचा समारोप ठरलेला असतो : मार्थेसारखी दगदग करू नका, मरीयेसारखे प्रभूच्या चरणी बसा. मंडळी माना डोलावते. त्यानंतर आम्ही बायका घाईघाईने घरी परततो, कारण रविवारचा रस्सा अजून चुलीवर चढायचा असतो. दुपारी पाहुणे, संध्याकाळी महिला मंडळाची सभा, आणि रात्री माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. विश्रांतीवरचे प्रवचन ऐकून मी आठवड्यातील सर्वाधिक थकव्याच्या दिवसाकडे वळते, हा विरोधाभास ध्यानात यायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

आध्यात्मिक नवीकरणासाठी वेळ काढावा, हे आपण सर्वच मान्य करतो. परंतु तो वेळ येतो कोठून? कोणीतरी तो आपल्यासाठी मोकळा करून देत असते. विश्रांतीविषयीच्या ख्रिस्ती चिंतनात हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, असे माझे मत आहे. पवित्र शास्त्राने मात्र तो टाळलेला नाही.

शब्बाथ या शब्दाच्या मुळाशी 'थांबणे' ही क्रिया आहे. ही आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिची कारणे निराळी आहेत. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कारण आहे सृष्टीचे : देवाने सहा दिवसांत निर्मिती केली व सातव्या दिवशी तो थांबला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण आहे दास्याचे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. पहिल्या कारणाने विश्रांती ही उपासना ठरते, दुसऱ्याने ती न्याय ठरते. म्हणूनच आज्ञेत एक यादी दिली आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. बैलालासुद्धा विसाव्याचा हक्क आहे.

या यादीत पत्नीचा उल्लेख नाही. 'तू' या संबोधनात ती गृहीत आहे, असे भाष्यकार सांगतात, आणि ते बरोबरही असेल. परंतु जे गृहीत धरले जाते ते विसरलेही जाते, हे आपल्या घराघरांतून दिसते.

महाराष्ट्रात तर या आज्ञेचा न्यायाचा अर्थ इतिहासानेच शिकवला आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, मागणी लावून धरली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. आम्ही ज्याला प्रभूचा दिवस म्हणतो, तो इथल्या श्रमिकाच्या पदरात एका सत्यशोधकाच्या लढ्यामुळे पडला. अनुवादातील त्या आज्ञेचे मर्म लोखंड्यांनी आमच्यापैकी अनेकांहून नेमके ओळखले होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

यावर एक आक्षेप संभवतो. सेवा हाच ख्रिस्ती जीवनाचा गाभा असताना विश्रांतीचा एवढा आग्रह हा स्वार्थ नव्हे काय? याचे उत्तर एलीयाच्या कथेत मिळते. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने हा संदेष्टा रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, दूताने उठवून त्याला खायला दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा खाल्ले. होरेबचा प्रवास आणि तिथला तो मंद, कोमल स्वर हे सारे त्यानंतरचे. थकलेल्या शरीराला बाजूला सारून आत्म्याशी बोलण्याची घाई देवालाही नव्हती. आपल्या भाषेतील 'विसावा' हा शब्दही हेच सांगतो. वारीच्या वाटेवर पालखी दुपारी विसाव्याला थांबते, ती पुढे चालता यावे म्हणून.

मग मार्थेने करावे काय? मला वाटते, तिच्या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. रानात मान्ना पडत असे, त्यातील सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून भाजणे-शिजवणे आदल्या दिवशीच उरकून घ्यायचे होते. सातव्या दिवशी मान्ना पडतच नसे. म्हणजे विश्रांतीची तयारी स्वयंपाकघरातून सुरू होते. आणि ही तयारी एकट्या बाईवर सोपवली, तर शनिवारी तिचे कष्ट दुप्पट होतील, एवढेच. मान्ना गोळा करायला अख्खी छावणी बाहेर पडत होती, हे विसरून चालणार नाही.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी चौघेही स्वयंपाकघरात असतो. कांदा चिरणाऱ्यांचे कौशल्य बेताचेच आहे. रविवारी ताटात शिळी भाकरी आणि आदल्या दिवशीची आमटी असते, पाहुण्यांनाही तेच. सासूबाईंना प्रथम संकोच वाटला, आता त्याच आठवण करून देतात. उत्तरपत्रिका सोमवारपर्यंत थांबतात. उपासनेनंतर एक तास मी काहीही करत नाही. प्रार्थनेसाठी वेगळे शब्द जुळवावेत, असेही त्या वेळी वाटत नाही.

पुढच्या वेळी मार्था-मरीयेवरचे प्रवचन होईल तेव्हा पाळकसाहेबांना एकच विनंती करावी म्हणते : मार्थेला बाहेर बोलवाच, पण त्याआधी कोणीतरी आत जा.