पट मांडायचा, पण कोणता?

उन्हाळा जवळ आला की नात्यातल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच. "मावशी, मुलं सुट्टीत केनवडला यायचं म्हणतात. डोकं चालवायला लागेल असा एखादा खेळ आणावा म्हणतो. कोणता आणू?" यंदा पुण्याच्या भाच्याने विचारलं आणि जर्मनीतल्या पुतणीनेही. दोघांची मुलं पाच ते नऊ या वयातली. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. शाळेत मी मराठी शिकवलं, खेळ हा काही माझा विषय नव्हे. पण ऑफ तासाला वर्गात बसून पोरांना खेळताना जितकं पाहिलंय, तितकं कुणी पाहिलं नसेल.

आधी हा प्रश्न किती खरा आहे ते सांगते. आमच्या वाशीम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचपर्यंत शहरातली मुलं बाहेर सोडायची सोय नाही. हे सहा तास घरात काढायचे. घरात एक पंखा, एक आजी आणि प्रत्येकाच्या हातात एक मोबाईल! वर्षातून पंधरा दिवस नातवंडं येणार आणि तेही मान खाली घालून बसणार असतील, तर ती आली काय आणि न आली काय. म्हणून माझ्या लेखी खेळ निवडणं ही किरकोळ खरेदी नाही.

दुकानात गेलात की खोक्यांवर 'बुद्धीला चालना' असं सगळीकडेच लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. एकच प्रश्न विचारा: आपल्या पाळीला मुलाला काही ठरवावं लागतं का?

सापशिडी घ्या. मूळचा आपला मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा मानते. इंग्लंडमध्ये तो 1892 च्या सुमारास गेला आणि पापपुण्य गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या. खेळ गोड आहे, चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे ओळखायला शिकवतो, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवतो. पण त्यात ठरवायचं काहीच नसतं. फासा पडेल तसं चालायचं. पाच वर्षांनंतर मूल कंटाळतं, आणि ते बरोबरच आहे.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ल्युडो. हाही आपल्या पचिसीचाच इंग्रजी अवतार, 1896 साली त्याचं तिकडे पेटंट घेतलं गेलं. यात निदान कोणती सोंगटी हलवायची एवढं तरी ठरवावं लागतं. पण ल्युडोपेक्षा मला आपला अष्टाचंग उजवा वाटतो. कुणी त्याला चल्लसआठ म्हणतं, नियमही गावागणिक थोडे बदलतात. पाच बाय पाच घरांचा पट खडूने फरशीवर आखायचा, फाशाऐवजी चार चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या फाका घ्यायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं, चारही पांढऱ्या तर चंग म्हणजे चार, चारही काळ्या तर अष्टा म्हणजे आठ.

आता यातली गंमत बघा. चार फाका पडायच्या एकूण सोळा तऱ्हा. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन पडतात, तीन आणि एक प्रत्येकी चार तऱ्हांत, आणि चार किंवा आठ फक्त एकेका तऱ्हेत. चिंचोके काही टाकसाळीतून आलेले नसतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच. तरी शत्रूच्या सोंगटीपुढे दोन घरांवर उभं राहणं सगळ्यात धोक्याचं, हे आठ वर्षांचं पोर चार डावांत स्वतःहून ओळखतं. गणिताच्या पुस्तकात संभाव्यता हा शब्द भेटायच्या कितीतरी आधी! फाशाचा खेळ म्हणजे नुसतं नशीब, असं म्हणणाऱ्यांनी हा खेळून पाहावा.

तिसरी पायरी म्हणजे फासा नसलेले खेळ. इथे लोक एकदम बुद्धिबळावर उडी मारतात. डिसेंबर 2024 मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. मग जुलै 2025 मध्ये आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. ऊर भरून आला. महाराष्ट्रात ही परंपरा जुनीच आहे, खाडिलकर भगिनींची नावं माझ्या पिढीला पाठ आहेत. तरीही मी म्हणेन की घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचा पहिला खेळ म्हणून बुद्धिबळ नको. एक तर तो दोघांचाच, बाकीचे तिघं काय करणार? आणि दुसरं, ज्याला येतं आणि ज्याला येत नाही त्यांच्यातली दरी फार मोठी. सहा वर्षांची बहीण दहा वर्षांच्या भावाकडून वीस वेळा हरली की पट कायमचा कपाटावर जातो. बुद्धिबळ शिकवा, जरूर शिकवा, पण मुलाने स्वतः मागितल्यावर.

त्याआधी वाघ-बकरी आणि नवकंकरी. आपल्याकडच्या लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर दगडात कोरलेले असे पट आजही दिसतात. पहाऱ्यावरच्या शिपायांनी, नाहीतर गुरं राखणाऱ्या पोरांनीच ते कोरले असणार. नवकंकरीत एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले, एकूण चोवीस बिंदू, प्रत्येकाच्या नऊ कंकऱ्या. तीन एका रेषेत आणल्या की समोरच्याची एक उचलायची. इंग्रज लोक हाच खेळ आपल्या नावाने खेळतात. वाघ-बकरीची तऱ्हा वेगळी. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. नेपाळात बाघचाल म्हणतात त्यात चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात.

मला हा खेळ मुलांसाठी सगळ्यात जास्त आवडतो तो एका कारणासाठी. एकट्या बकरीला काही किंमत नाही, पण चार बकऱ्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या की वाघाचं काही चालत नाही. हे तात्पर्य मला फळ्यावर लिहावं लागत नाही. शिवाय दोन्ही बाजू खरोखर तुल्यबळ आहेत. संगणकावर हिशेब करणाऱ्या मंडळींनी सिद्ध केलंय की दोघेही बिनचूक खेळले तर बाघचाल बरोबरीत सुटते, आणि नवकंकरीही. निरक्षर म्हणून ज्यांना आपण बाजूला काढतो त्यांनी घडवलेले खेळ इतके नेमके तोललेले असावेत, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता विकतच्या खेळांबद्दल. आपल्या पिढीने मुलांना 'व्यापार' आणून दिला. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंची, त्यांना 1904 मध्ये तिचं पेटंट मिळालं. जमीनदारी कशी अन्यायाची असते ते दाखवायला त्यांनी खेळ केला होता. तो हेतू मात्र अजूनही सफल होतो! ज्या मुलाचं दिवाळं पहिल्यांदा निघतं ते तासभर कोपऱ्यात बसून रडतं. लहान मुलं असलेल्या घरात जो खेळ एखाद्याला मधूनच बाहेर काढतो तो घेऊ नये, हा माझा दुसरा नियम.

जर्मन लोकांनी यावर बराच विचार केलेला दिसतो. तिकडे 1979 पासून वर्षाच्या उत्तम खेळाला पारितोषिक देतात आणि 2001 पासून मुलांच्या खेळाला वेगळं. तिकडचा 'कतान' 1995 चा, नावाजलेला, पण दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी. 'टिकिट टू राईड' 2004 चा, आगगाडीचे मार्ग जोडायचा, आठ वर्षांच्या मुलाला जमतो. पुतणीला मी 'ब्लोकस' सुचवला. चौघांनी खेळायचा, प्रत्येकाचे एकवीस तुकडे, आपल्या रंगाचा तुकडा आपल्याच तुकड्याला फक्त कोपऱ्याने लागला पाहिजे, कडेने नाही. संपले नियम. अर्ध्या तासात डाव उरकतो आणि शेवटपर्यंत कुणी बाहेर जात नाही.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्यासाठी तेच मोठं. ब्लोकसमध्ये वाचायला एक अक्षरही नाही. पुतणीच्या मुलांना मराठी कळतं, वाचता येत नाही. इथल्या माझ्या शेजारणीला इंग्रजी येत नाही, आणि माझंही बी. ए. मराठी माध्यमातलं. ज्या खेळात पत्ते वाचून दाखवावे लागतात तिथे आजी आपोआप प्रेक्षक होते. अक्षर नसलेल्या पटावर मात्र सगळे सारखे. आणि बोलावं तर लागतंच! "तुझी पाळी", "सोंगटी मेली", "घर सोडू नको", "लबाडी नको" हे शब्द पंधरा दिवसांत मुलांच्या तोंडात बसतात. मराठी शिकवायला बसले असते तर पोरं अंगणातून पळाली असती.

"मोबाईलवर ल्युडो आहेच की," असं भाचा म्हणाला. आहे ना. 2020 च्या टाळेबंदीत अख्खं घराणं त्यावर खेळत होतं आणि तेव्हा त्याने मोठा आधार दिला, ते मी नाकारत नाही. पण तिथे फासा यंत्र टाकतं, घरं यंत्र मोजतं, लबाडी करायची सोयच नाही. पटावर सोंगटी चुकून एक घर पुढे गेली की भांडण होतं, मग नियम कोणता ते ठरवावं लागतं, आणि ठरलेलं पाळावं लागतं. हे भांडण म्हणजेच अर्धं शिक्षण. माझी शेजारीण एकदा दारातून डोकावून म्हणाली, "काय करून राह्यले बाई, पोरं भांडून राह्यली न!" म्हटलं, भांडू दे, कायदा करतायत.

शेवटचा मुद्दा, ज्यावरून आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. लहान मुलाला मुद्दाम जिंकू द्यावं का? एक पक्ष म्हणतो, लेकरू आहे, हरलो तर काय बिघडलं. दुसरा म्हणतो, जग कुठे सूट देणार आहे, हरायची सवय लागू दे. मला दोन्ही पटत नाहीत. मुद्दाम हरलेलं मुलांना कळतं. सातव्या वर्षानंतर तर नक्कीच कळतं, आणि मग आपल्या कौतुकावरचाही त्यांचा विश्वास उडतो. पण वीस वेळा हरवून कणखर झालेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. खेळ सोडून दिलेली मात्र पुष्कळ पाहिली.

सूट द्यावी, पण उघड द्यावी. नवकंकरीत तुझ्या नऊ कंकऱ्या, माझ्या सात. बाघचालीत वाघाने पाच बकऱ्या खाल्ल्या की जिंकला असा नियम आहे, तुला तीनच पुरे. बुद्धिबळात माझा वजीर आधीच डबीत. आणि सूट ठरली की मग जीव तोडून खेळायचं. दोन डाव जिंकला की एक कंकरी परत घ्यायची. मग ज्या दिवशी मूल बरोबरीच्या कंकऱ्या घेऊन जिंकतं, त्या दिवशी त्याला खोटी शाबासकी द्यावी लागत नाही. सूट घेणं कमीपणाचं नाही आणि ती हळूहळू सोडायची असते, हे मोठ्या माणसांनाही कळलं तर बरंच होईल. असो.

तर भाच्याला आणि पुतणीला माझं उत्तर असं. पाच-सहा वर्षांच्यांसाठी काही विकत आणू नका, अष्टाचंगाला चिंचोके मी फोडून ठेवते. सात-आठ वर्षांच्यांसाठी वाघ-बकरी आणि नवकंकरी, खडू आणि खडे दोन्ही घरात आहेत. चौघं-पाचजण असाल आणि पैसे खर्चायचेच असतील तर बिनअक्षरी, अर्ध्या तासात संपणारा, कुणाला मधून न काढणारा एकच खेळ आणा. तीन नकोत. जास्त खेळ आले की एकही नीट खेळला जात नाही. एखादा तुकडा हरवला तर खोकं फेकू नका, तिथे तुरीचा दाणा ठेवला तरी डाव चालतो.

आणि माझ्या ब्लॉगकर मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. वाघ-बकरीचा पट आणि आकडे दर दहा कोसांवर बदलतात असं मला दिसतंय. कुठे एक वाघ, कुठे तीन, कुठे चौकोनी पट, कुठे त्रिकोणी. तुमच्या गावात वाघ किती, बकऱ्या किती आणि पट कसा आखत, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवा. मी वहीत उतरवून ठेवते आहे. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.